मास्तरांचा पट्टा, काकूंचा हात

मला घड्याळ समजून हातात घेणारे पुष्कळ भेटले, मित्रांनो. उलटसुलट करून बघतात, काटे शोधतात आणि 'बंद पडलंय' म्हणून परत ठेवून देतात. मी घड्याळ नाही. मी एक जुना मनगटी पट्टा आहे. कंपवाताने ज्यांचे हात आपोआप थरथरतात, त्यांच्या मनगटावर बसून ती थरथर मोजायची, हे माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं. तरी सगळं ठाऊक असताना एका बाईची दोन वर्षं वाया गेली आणि मला काही करता आलं नाही. ते कसं, तेच सांगतो.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर तारांचा गुंता आणि सगळीकडे तारा जोडायच्या सोल्डरच्या धुराचा वास. माझ्या पोटात सिलिकॉनचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आहे. सिलिकॉन हा अर्धवाहक, म्हणजे वीज धड जाऊही देत नाही आणि धड अडवतही नाही. अशा अडमुठ्याकडून काम करून घ्यायचं तर अक्कल लागते. त्या तुकड्यात केसाहून बारीक दातांची एक फणी कोरलेली आहे. हात हलला की फणी हलते, दातांमधली फट कमीजास्त होते, आणि ते मी सेकंदाला शंभर वेळा टिपून ठेवतो.

मला घडवलं बाईंनी. प्रयोगशाळेत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. या पट्ट्यांकडे वळण्याआधी त्यांनी पंधरा वर्षं ट्रान्झिस्टरवर, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या इवल्या खटक्यांवर, काम केलं होतं. ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून किंचित वीज झिरपत राहते. तिला गळती म्हणतात, आणि खोली तापली की ती वाढते. बाईंची पंधरा वर्षं त्या गळतीच्या मागावर गेली. त्यामुळे त्यांना एक सवय जडली होती. आकडा विचित्र दिसला की पहिला संशय यंत्रावर. "माणूस खोटं बोलत नाही, जोडणी खोटं बोलते," असं त्या सगळ्यांना बजावत.

माझे सांधे जोडले सोल्डरकाकांनी. साठीला टेकलेले, जाड चष्म्याचे, बोलायला तिखट आणि हाताने मऊ. शेवटचा सांधा पक्का झाल्यावर त्यांनी मला फुंकर घातली आणि म्हणाले, "जा बाबा, नाव काढ आमचं." मग मला हलणाऱ्या पाटावर ठेवलं. पाट सेकंदाला पाच वेळा हलला, मी पाच मोजले. सहा वेळा हलला, सहा मोजले. बरोबरचे चार पट्टे कुठे ना कुठे चुकले. "हा सगळ्यांत खरा," बाई म्हणाल्या. तेव्हा मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

मला मिळाले ते मास्तर. शिवणकामातले मास्तर, शाळेतले नव्हेत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. चाळीस वर्षं कात्री चालवलेला त्यांचा उजवा हात आता नुसता ठेवला तरी हलायचा, सेकंदाला साडेपाच वेळा. मला त्यांच्या मनगटावर बांधताना बाईंनी नियम सांगितले. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पट्टा हातात हवा. दर सोमवारी तो घेऊन यायचं, त्यातले आकडे डॉक्टर बघतील आणि त्यावरून गोळ्या ठरवतील.

"आणि मास्तर, लबाडी चालायची नाही," बाई हसत म्हणाल्या. "पट्टा काढला की अंगाची ऊब जाते. मला तिथे कोरी जागा दिसते."

शेजारी मास्तरांची बायको बसली होती. तिला सगळं दुकान 'काकू' म्हणे. काकूंनी ते वाक्य मनात पक्कं धरलं. त्यांच्या साध्या मनाला कोरी जागा म्हणजे शाळेत न केलेला गृहपाठ वाटला असावा.

पहिला आठवडा सुरळीत गेला. सोमवारी डॉक्टरांनी माझे आकडे बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दुपारी हात फार हलतो. असंच राहिलं तर कात्री बाजूला ठेवावी लागेल, मास्तर." ते काळजीने बोलले, पण मास्तरांच्या काळजात चर्र झालं. ते मला मनगटाच्या नाडीतून कळलं.

कापडाची कापणी मास्तर दुपारीच करत, कारण तेव्हा टेबलावर चांगला उजेड पडायचा. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मला काढलं आणि शिलाई मशीनवर ठेवून दिलं.

"अहो, असं नका करू. कोरी जागा पडेल," काकू म्हणाल्या.

"पडू दे."

"बाईंना काय सांगायचं?"

"सांग, विसरले म्हणून."

"रोज विसरता?"

मास्तर टेबलावर वाकले. कापडावर खडूने रेघ मारू लागले आणि रेघ वाकडी गेली. काकूंनी ती बघितली. मग त्यांनी मला उचललं आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधलं. "ऊबच हवी ना याला? माझा हात काय बर्फाचा आहे?"

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्या हसण्यापायी काकूंनी हा उद्योग रोजचाच करून टाकला. दुपार झाली की मी नवऱ्याच्या हातातून बायकोच्या हातात, चहाच्या वेळी परत नवऱ्याच्या.

सुरुवातीला मलाही गंमत वाटली. काकूंचा हात सुबक चालायचा. काजं, बटणं, कोटाच्या अस्तराची हातशिलाई, सगळं त्यांच्याकडे. सुई आत, सुई बाहेर, दोरा ओढ. मी ते सगळं मास्तरांच्या नावावर मांडत होतो, कारण मला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. पुढच्या सोमवारी डॉक्टर खूश झाले. दुपारी हात शांत आहे, म्हणजे गोळ्या लागू पडल्या. गोळ्या आहेत तेवढ्याच राहू द्या, कात्रीही राहू द्या. मास्तर ताठ मानेने घरी आले.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मास्तर एका कोटाची बाही कापत होते आणि ती कापून व्हायची वाट बघत काकू मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. काकूंचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर आपोआप फिरू लागलं, पिठाची बारीक गोळी वळावी तसं. मी मोजलं. सेकंदाला साडेचार वेळा. पुन्हा मोजलं, तेवढंच. ही चाल मास्तरांची नव्हती. काकूंनी सुई उचलली आणि ती थांबली. सुई ठेवली, हात मोकळा झाला आणि ती परत आली.

मित्रांनो, कंपवात असाच येतो. सुरुवातीला काम करणाऱ्या हाताला तो सहसा धरत नाही, स्वस्थ बसलेल्या हाताला धरतो. आणि काकू स्वस्थ बसायच्या कधी? दिवसातून दहा मिनिटं. तेवढ्यात एकदा त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि पुटपुटल्या, "थकलाय मेला." बस्स. मास्तरांचं लक्ष बाहीवर होतं.

जगात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. पण माझ्याकडे एक हिरवा दिवा आहे, आणि तो फक्त बॅटरी भरलेली आहे एवढंच सांगतो. तो मी लुकलुकवत राहिलो. काकूंनी तो पदराने पुसला. रोज दुपारी ती थरथर मी टिपत होतो आणि रोज ती मास्तरांच्या खात्यात जात होती. सांगता येत नाही आणि सोसवत नाही, अशी गत माझी झाली.

माझी एकच आशा होती, ती बाईंवर. त्यांची नजर तीक्ष्ण. चौथ्या सोमवारी संगणकाच्या पडद्यावर काकूंच्या थरथरीची बारीक लाट दिसली तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"सोल्डरकाका, हे बघा. सकाळी सेकंदाला साडेपाच वेळा, दुपारी साडेचार. एकाच माणसाचा हात दिवसात चाल बदलतो?"

काकांनी चष्मा वर केला. "नसावा बदलत."

माझ्या जिवात जीव आला. आता पुढचा प्रश्न विचारा, बाई, एकच प्रश्न. पण बाईंची पंधरा वर्षं आडवी आली. दुपार म्हणजे ऊन, ऊन म्हणजे तापलेली खोली, तापलेली खोली म्हणजे गळती. त्यांना त्यांचा जुना शत्रू दिसला आणि त्या हात धुवून त्याच्या मागे लागल्या. मला तापवायच्या पेटीत ठेवलं. तापल्यावर माझ्यात थोडी खरखर आली. ती कोणातही येईल. बाई म्हणाल्या, "सापडली."

"बाई, गळती अशी तालात नसते," सोल्डरकाका म्हणाले. "हे कुणीतरी ठेका धरल्यासारखं आहे."

बाई थबकल्या. मग त्यांनी योग्य तेच केलं, मास्तरांना आणि काकूंना समोर बसवून सरळ विचारलं. "दुपारी पट्टा तुमच्याच हातात असतो ना?"

तेव्हा मी टेबलावर होतो, दोघांच्या मधोमध. मास्तरांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी जमिनीकडे. खरं सांगितलं तर नवऱ्याची कात्री जाणार, असं काकूंना वाटलं. आपल्या हातातलं काही त्या पडद्यावर दिसतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.  शेवटी मास्तर म्हणाले, "असतोच की. कुठे जाणार?"

माणूस खोटं बोलत नाही. बाईंनी दुपारचे सगळे आकडे खोडले आणि माझ्या पाठीवर 'सदोष' अशी चिठ्ठी लावली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथले चोर सोन्यासारखे होते. सोल्डरकाकांनी मला खणात ठेवलं, पण आतले आकडे पुसले नाहीत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

खणात दोन वर्षं गेली. माझ्यावर धूळ बसली, बॅटरी मेली, आणि वर टेबलावर माझ्यापेक्षा पातळ, हलके पट्टे तयार होत राहिले. मला त्यांचा हेवा वाटला नाही. मी दुपारी दुपारी काकूंचा विचार करायचो. आता अंगठ्याबरोबर मनगटही हलत असेल. आता सुईत दोरा जात नसेल.

मग एके दिवशी खण उघडला. बाईंनी मला तार जोडली, अंगात वीज आली आणि बघतो तर समोर काकू. उजव्या मनगटावर नवा पट्टा, आणि हात मांडीवर ठरत नव्हता. नव्या पट्ट्याची लाट पडद्यावर होती. सेकंदाला साडेचार. तो आकडा बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी तिच्याखाली माझी दोन वर्षांपूर्वीची लाट लावली. वरची उंच, खालची बारीक, चाल तीच.

 काकूंना लाटांतलं काही कळत नव्हतं, पण मला त्यांनी ओळखलं.

"हा तोच ना, बाई? दुपारी मी घालायचे हा. यांची कात्री जाऊ नये म्हणून." मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. "म्हणजे ते माझं होतं?"

"हो, काकू."

"तेव्हा कळलं असतं तर गेलं असतं का हे?"

बाईंनी खरं सांगितलं. "नसतं गेलं. पण गोळ्या आणि व्यायाम तेव्हाच सुरू झाले असते, तर सुई एवढ्यात सुटली नसती. मी पट्ट्याला दोष दिला. चूक माझी आहे."

"तुमची कसली?" काकू म्हणाल्या. डावा हात त्यांनी उजव्यावर ठेवला. दोन्ही हलू लागले. "एक करा. यांना सांगू नका. ते म्हणतील, माझ्यापायी झालं. कात्री तर त्यांची सुटलीच, आता हे कशाला?"

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं, की आम्हाला पुसून ठेवा, ओल लागू देऊ नका, अडगळीत टाकू नका. माझं मागणं तेवढं नाही. मोजायचं यंत्र हाताला बांधलंत तर त्याला खरं बघू द्या, फार प्रेमापोटीही फसवू नका. मला फसवणं अगदी सोपं आहे, कारण हात कोणाचा हे मला विचारताच येत नाही. आणि घरात कुणी क्षणभर मांडीवर हात टाकून बसलं, तर त्या हाताकडे एकदा बघा. त्याला यंत्र लागत नाही.

इथेच थांबणार होतो, पण त्या दिवसाचं एक राहिलं. बाहेर बाकावर बसून मास्तर कंटाळले आणि दार ढकलून पाय घासत आत आले. पडद्यापाशी वाकले. खालच्या बारीक लाटेच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. ते त्यांनी बोटाने चाचपडत वाचलं.

"हे माझं का गं, जुनं?"

बाईंनी काकूंकडे बघितलं.

"हो, तुमचंच," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी त्या लाटेवरून बोट फिरवलं. "किती कमी होतं तेव्हा," ते म्हणाले. "उगाच घाबरलो आपण."