चेंडू मारून झाला की सरकायचं

टेबल टेनिसमध्ये जोडीने खेळताना चेंडू आळीपाळीने मारायचा असतो. एकदा मी, एकदा माझी जोडीदार. म्हणजे आपला फटका मारून झाला की मुकाट्याने बाजूला व्हायचं, कारण पुढचा चेंडू आपला नसतोच. हा नियम मला तोंडपाठ आहे. पाय तेवढे ऐकत नाहीत. मी लुआन, चीनमधल्या झिबो शहराच्या सूतगिरणीचा एके काळचा विजेता. विजेत्यांना सरकायची सवय नसते.

माझी जोडीदार म्हणजे माझी बायको, युएफेन. "सरक, लाओ लुआन!" हे ती टेबलापाशी जेवढ्या वेळा ओरडते, तेवढ्याच वेळा आमच्या बाओझीच्या, म्हणजे सारणाच्या उकडलेल्या पावांच्या, दुकानातही ओरडते; लाओ म्हणजे म्हातारा. पीठ लाटायचं काम माझं, सारण भरून उकडायचं तिचं. माझं लाटून झालं तरी मी उकडायच्या टोपल्यांसमोर उभा राहून तिला सांगत असतो, मीठ कमी पडलंय, चुण्या नीट घाल, झाकण आत्ताच काढू नकोस. सल्ला फुकट असतो, म्हणून मी सढळ हाताने देतो.

चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला, वडीलधाऱ्यांच्या सणाला, आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांचे सामने असतात. पहिलं बक्षीस शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा. त्याच्या पंधरा दिवस आधी सरावाच्या खोलीत क्वांग मास्तर युएफेनपाशी आले. निवृत्त गणिताचे शिक्षक, विधुर, इस्त्रीचा सदरा, आणि खेळताना असे अलगद बाजूला होतात की जोडीदाराला टेबल मोकळंच मिळतं.

"ताई, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर खेळता का?" त्यांनी माझ्यादेखतच विचारलं.

मी युएफेनकडे पाहिलं. आता ही हसून नाही म्हणणार.

"नवमीचा सामना होऊ दे मास्तर, मग सांगते," ती म्हणाली.

ती नाही म्हणाली नाही! तेलाचा डबा गेला खड्ड्यात. चौतीस वर्षांचा संसार केलेली बाई दुसऱ्याच्या शेजारी उभी राहून खेळणार आणि मी बाकावर बसून टाळ्या वाजवणार, हे मला सहन होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू केला, पण गुपचूप. एक पोळी लाटली की डावीकडे एक पाऊल, मग एक मागे. पुन्हा लाटायची, पुन्हा सरकायचं. चौथ्या दिवशी युएफेनने माझ्या गुडघ्याला औषधाची पट्टी चिकटवली.

"वाकडातिकडा चालतोयस. दुखतंय तर सांगायला काय होतं?"

"दुखत नाहीये."

"मग डोक्याला लावू का?"

पट्टी मी तशीच राहू दिली. खरं सांगायला लाज वाटत होती.

नवमीला आम्ही कसेबसे अंतिम फेरीत पोचलो. समोर बेकरीवाले फू आणि त्यांची मेहुणी, दोघंही चिवट. शेवटच्या, तिसऱ्या डावात आम्ही नऊ-दहाने मागे होतो; हा गुण गेला की सामना गेला. मी चेंडू परतवला, आणि फूच्या बॅटवरून तो उंच, संथ, अगदी माझ्या पोटासमोर आला. असा चेंडू मी झोपेतही मारतो. हात वर गेलासुद्धा. पण पाळी तिची होती.

मी सरकलो. डावीकडे एक, मागे एक.

आणि बाजूला झालो म्हणून मला ती दिसली. कमरेतून वळलेली, ओठ दाताखाली धरलेली, पांढरी बट गालावर आलेली. इतकी वर्षं मी तिच्या पुढ्यातच उभा होतो, मला काय दिसणार! माझी बायको खेळताना फार देखणी दिसते, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

तिने सगळा जोर लावून फटका मारला. चेंडू जाळीत गेला.

ती माझ्याकडे वळली, खांदे आवळून. मला माहीत होतं ती कशाची वाट बघतेय. "मनगट! किती वेळा सांगितलं, मनगट!" हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. मी ते गिळलं.

"असू दे," मी म्हणालो. "मस्त मारला होतास."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

डबा फूने नेला. आम्ही बूट बदलत बाकावर बसलो होतो, तेवढ्यात क्वांग मास्तर आलेच. "हरकत नाही ताई, पुढच्या वर्षी आपण जिंकू. मग, ठरलं ना?"

मी नाड्यांत तोंड घातलं.

"तुमच्याबरोबर जिंकेन मी, मास्तर," युएफेन म्हणाली. "तुम्ही फार छान सरकता. पण तुम्ही सगळ्यांसाठीच सरकता. हा बाबा जन्मात कधी कुणासाठी सरकला नव्हता. आज माझ्यासाठी सरकला."

मास्तर हसले आणि मान डोलावून निघून गेले. मी तिच्या हातातली बॅट घेतली आणि माझ्या बॅटशेजारी पिशवीत ठेवली.