वायरींना घातलेले टाके

आमच्या घरात सगळेच शिंपी. आत्या कोट शिवायची, दादा पँट शिवतो, मी दोन्ही शिवते आणि वर दोघांच्या चुका उसवते. त्यामुळे आत्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं जे झालं, ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

गाडी हिरवी, बुटकी, दोनच माणसांची. आत्याने तरुणपणी घेतली आणि तयार कोट सीटमागे आडवे टाकून ती गिऱ्हाइकांच्या दारात पोचवायची. डावा गुडघा क्लच दाबेनासा झाला तेव्हा तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. दादाला मात्र त्या गाडीत गाडी दिसतच नाही, तिने अडवलेली शेड दिसते. तिथे त्याला कापणीचं मोठं टेबल टाकायचंय. हल्ली गाडी चढावर मिसिंग मारायला लागली होती, म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका मधेच गळायचा, आणि मग धक्के खात ती बंदच पडायची. दादाला आयतंच निमित्त मिळालं.

"रविवारी एकजण गाडी बघायला येतोय," तो म्हणाला. "टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न थांबता चढली तर तुझी. मी पुन्हा नाव काढणार नाही. थांबली तर विकायची."

"कबूल," मी म्हणाले. रागाच्या भरात मी काहीही कबूल करते.

खरं तर माझे सगळे उपाय करून झाले होते. प्लग बदलले होते, कार्ब्युरेटर साफ केला होता, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला होता. शनिवारी सकाळी पुन्हा चढावर नेली, तर अर्ध्यावर बंद. ढकलत वळवली, उतारावर घरंगळत आणली आणि बॉनेट उघडून त्या इंजिनाला वाट्टेल ते बोलले.

आत्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "वायरी बघितल्यास?"

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. वायरी मीच नव्या घातल्यात. नव्यात काय बघायचं?"

"नव्या कोटाचीच ट्रायल घेतात," आत्या म्हणाली.

प्लगना वीज नेणाऱ्या त्या चार वायरींचा मला फार अभिमान होता. जुन्या कडक होऊन तडकल्या, म्हणून मी नव्या आणल्या. नुसत्या काळ्या वायरी मला उघड्याबोडक्या वाटल्या, म्हणून प्रत्येकीला कोटाच्या उरलेल्या अस्तराचं वेष्टन शिवलं. ते सरकू नये म्हणून बारीक धावदोरा घालून जागच्या जागी पक्कं केलं. बॉनेट उघडलं की डोळ्याचं पारणं फिटायचं.

आत्याने काळ्या कोटाचं कापड मागवलं. धुरासाठी शेडची दोन्ही दारं सताड उघडी ठेवून मी इंजिन सुरू केलं, कापड बॉनेटवर ताणलं आणि दोघींनी त्याखाली डोकी घातली. "पंख्यापासून हात लांब," ती म्हणाली. भर दुपारी आत काळोख झाला. डोळे सरावले आणि मला ते दिसलं. वायरींवर निळे ठिपके चमकत होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

माझा धावदोरा. सुई अस्तरातून थेट रबरात गेली होती, आणि प्रत्येक भोकातून वीज बाहेर उडत होती. सपाटीवर प्लगला उरलेली पुरत होती, चढावर जोर लागला की पुरत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"टाके मात्र सारखे आलेत हो," आत्या म्हणाली.

मला इतकी लाज वाटली की हसूच फुटलं. दोष सापडला होता, आणि तो माझ्याच हातचा होता, म्हणजे उसवता येणार होता. मी तडक पार्ट्सच्या दुकानात गेले.

दुकानदाराने जाडजूड लाल वायरींचा सेट काउंटरवर टाकला. "रेसच्या आहेत. आत शुद्ध तांबं. कुठल्याही गाडीला चालतात."

"कुठल्याही माणसाला होणारा कोट कुणालाच नीट होत नाही," मी म्हणाले. सेटमधल्या चारही वायरी सारख्याच लांब होत्या. आमच्या इंजिनात त्यांचा नुसता घोळ झाला असता. शिवाय तांब्याच्या वायरींनी रेडिओ खरखरतो, हे आत्याने निघताना बजावलं होतं.

"रेसमध्ये रेडिओ कोण ऐकतं?"

"आमच्याकडे आत्या ऐकते."

मग त्याने आतून काळ्या वायरीचं भेंडोळं काढलं. आत कार्बनची तार, वर जाड सिलिकॉन, मापाने कापून घ्यायची, टोप्या आपण बसवायच्या. मी एक टोक वाकवून, पिळून, उजेडात धरून पाहिलं. रबर मऊ होतं आणि कुठे सुरकुती धरत नव्हतं. हीच, असं मनाने आणि बोटांनी एकदमच सांगितलं.

घरी आत्याने टेप धरला. वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक प्लगचं माप वेगळं घेतलं, वळणापुरती माया सोडली आणि कापलं. चारही वायरी एकमेकींना न चिकटता मोकळ्या बसवल्या. अस्तराचा तुकडा मी हात पुसायला ठेवला.

रविवारी दादा त्या माणसाला घेऊन आधीच टाकीपाशी जाऊन थांबला. माझ्या शेजारी आत्या, मांडीवर हात घट्ट धरून. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला, जिथे गाडी नेहमी मान टाकायची, तिथे ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप सैल झाला.

"दाब," आत्या म्हणाली.

मी दाबला. गाडी अशी सुटली की आत्याचं डोकं सीटवर आपटलं. ती मोठ्याने हसायला लागली. रेडिओ खणखणीत वाजत होता. टाकी आली, दादा दिसला, त्याचा उघडा जबडाही दिसला, आणि मी थांबलेच नाही. वरच्या माळावर मोठी गिरकी घेतली, मग परत आले.

तो माणूस पुढे आला. "आता तर मला हवीच," तो म्हणाला.

"विकायची नाही," दादाने सांगितलं. मी तोंड उघडायच्या आत. मग गाडीभोवती एक फेरी मारून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "टेबल अंगणात पत्रा टाकून करू. आता मला एक चक्कर मारू दे."

आत्याकडे पाहिलं, तर ती सीटवरून काही हलली नाही. म्हणून मीच उतरले आणि किल्ली दादाला दिली.

तो माणूस आपल्या वाटेने निघून गेला. दादा आणि आत्या गाडीतून खाली गेले आणि तिथून पुन्हा वर यायला निघाले. मी टाकीच्या कठड्यावर एकटीच बसले होते. चढ चढतानाचा गाडीचा आवाज मी बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. तो एकेक वळण घेत वर येत होता, आणि मी कान देऊन ऐकत होते. एकही ठोका गळला नाही.