पटावर नसलेलं नाव

सकाळी साडेदहाला शिकाऊ बाईंनी कुजबुजत एक नाव घेतलं आणि कोणीच आलं नाही.

शांततेचा खेळ चालू होता. पडदे ओढलेले असतात, मुलं डोळे मिटून चटईवर बसतात, बाई दाराबाहेर उभ्या राहून एकेकाला अगदी हळू हाक मारतात. ज्याचं नाव येईल त्याने पाय न वाजवता बाहेर यायचं. बावीसही मुलं बाहेर आली होती. आत फक्त मोठ्या बाई उरल्या होत्या, कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर, मांडीवर शिकाऊ बाईंच्या तासाच्या तपासणीचा कागद. तेवढ्यात शिकाऊ बाईंच्या तोंडून आणखी एक नाव गेलं: "भिंगरी."

मुलं रिकाम्या वर्गाकडे तोंड करून वाट बघत राहिली. कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने दोन वेण्यांची मुलगी पुटपुटली, "ताई, ती हळू चालते का?"

"हो. जरा हळूच."

भिंगरी ही शिकाऊ बाईंची चार वर्षांची लेक. ती दुसऱ्या गावी आत्याकडे असते. मध्ये अख्ख्या रात्रीचा प्रवास आहे. वडिलांची नोकरी फिरतीची. शाळा शिकाऊ बाईंच्या प्रशिक्षणाची अर्धी फी भरते आणि थोडं मानधन देते. त्यात एका खोलीचं भाडं भागतं, पण दिवसभर मूल सांभाळायला कोणी ठेवता येत नाही. या तासाचा शेरा चांगला आला तर पुढल्या वर्षी पूर्ण फी मिळणार होती आणि याच वर्गात भिंगरीला जागा.

मुलं घरी गेल्यावर मोठ्या बाई मण्यांच्या माळा कपाटात लावता लावता म्हणाल्या, "कोण ही भिंगरी?"

"माझी मुलगी. रोज संध्याकाळी फोनवर आम्ही हाच खेळ खेळतो. सवयीने गेलं तोंडातून."

"एकटीशी कसला खेळ?"

"एकटीने खेळायला तिला आवडत नाही. आधी सगळ्या वर्गाची नावं घ्यावी लागतात. तिचं शेवटी."

"म्हणजे माझा वर्ग रोज संध्याकाळी तुझ्या नणंदेच्या घरी."

"नणंद म्हणते, नुसती येऊन जातात, चहालासुद्धा थांबत नाहीत."

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण माळ चुकीच्या खणात ठेवली आणि परत काढली. "पटावर नसलेल्या मुलाला हाक मारली, तर लक्ष वर्गात नव्हतं असं लिहावं लागतं मला."

"लिहा. नव्हतंच."

"इतकं खरं बोलायची गरज नाही. पैसे शाळेचं मंडळ देतं, आणि मंडळ माझा शेरा वाचूनच देतं." मग कपाट बंद करत, "त्या नावानंतर मुलं किती शांत होती, पाहिलंस?"

"नाही, बाई. मी दाराकडे बघत होते."

मोठ्या बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि घडी घातली. काय लिहिलं ते विचारण्याची पद्धत नाही.

त्या संध्याकाळी नणंदेने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "वहिनी, उशीर केलात. ही केव्हाची स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. जेवायला बोलावलं तर म्हणते, अजून माझं नाव आलं नाही."

नणंद फोन स्पीकरवर ठेवते आणि नाव आलं की भिंगरीने पाय न वाजवता फोनपर्यंत यायचं. सुरुवातीला या खेळात चपलांची चटचट ऐकू यायची, हसू फुटायचं, कधी स्टूल पडायचं. आता भिंगरी तरबेज झाली आहे. ती फोनला हात लावेपर्यंत आत्याही बोलत नाही. मुलगी जितकी छान खेळते, तितकं इकडे कमी ऐकू येतं.

शेरा शनिवारी मंडळाकडे गेला. बैठक दोनदा पुढे ढकलली गेली आहे. काल संध्याकाळी शिकाऊ बाईंनी बावीस नावं घेतली, मग तेविसावं घेतलं आणि फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे काहीच वाजत नव्हतं.