ब्लेडने कापलेलं बटण

टेलरमास्तरांच्या दुकानात एक निळा सदरा खुंटीला लटकून पंधरवडा झाला, तरी न्यायला कोणी येईना. एरवी मास्तर अशा कपड्यांकडे ढुंकून बघत नसत. या सदऱ्याकडे मात्र नजर गेली की त्यांचं मशीन थांबायचं.

सदरा होता मागच्या गल्लीतल्या पेन्शनर काकांचा. बायको गेल्यापासून काका एकटेच राहत आणि दर दोन-चार दिवसांनी तुटलेलं बटण घेऊन येत. बटण लावायला दोन मिनिटं, काकांची बैठक तासाची! दोरा झिजलेला नसतो, ब्लेडने कापलेला असतो, हे मास्तरांनी केव्हाच ओळखलं होतं. एकदा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना त्यांनी विचारलं, "काका, बटणं उंदीर कुरतडतात की तुम्ही?" सगळे खो खो हसले. काकाही हसले, आणि सदरा ठेवून जे गेले, ते फिरकलेच नाहीत.

नव्या कपड्यांच्या काज-बटणाचं काम मास्तरांची बायको घरी करायची. आज दुकानात तो सदरा बघून तिने विचारलं, तेव्हा तिला हा किस्सा कळला. तिला हसू आलं नाही.

"अहो, चांगलं बटण कापून आणणाऱ्याला बटण नको असतं," ती म्हणाली. "कोणीतरी 'बसा' म्हणावं, एवढंच हवं असतं. कोणी बोलेनासं झालं, की माणसाला वाटायला लागतं, आपली सगळ्यांना अडचणच आहे. मग तो दार लावून घेतो. आधी बघून या त्यांना."

मास्तर भरदुपारी काकांच्या दारात पोचले. दाराखालच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता. बेल वाजवली, आत हालचाल नाही. शेजारीण म्हणाली, हल्ली दिसले नाहीत, गेले असतील कुठेतरी. दोन्ही घरांत भिंत एकच, पण कुठे गेले असतील ते तिला ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या मनात नको नको ते येऊ लागलं. ते दोन्ही हातांनी दार बडवू लागले.

आत खुर्ची सरकली. साखळी तशीच ठेवून दार किंचित उघडलं. काकांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. किती दिवसांत ते बोलले नव्हते कोण जाणे! खाकरून ते कसेबसे म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

त्यांच्या अंगात पांढरा सदरा होता. त्यावर काळ्या दोऱ्याने वेडीवाकडी लावलेली बटणं.

"आता मीच लावतो," काका म्हणाले. "तुम्हाला त्रास नको."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं, काका. आणि ही असली बटणं लावून हिंडलात, तर माझं दुकान बुडेल. चला, आत्ताच. तिथं बसूनच घ्यायची लावून."

साखळी निघायला जरा वेळ लागला, पण निघाली.

मंडळी, एकटं पडलेलं माणूस 'मी एकटा आहे' असं म्हणत नाही. ते बटण घेऊन येतं, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं, आणि आपल्याला त्याची कटकट वाटते. ती कटकट ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी 'सुटलो' म्हणू नका. घाबरा, आणि जाऊन दार वाजवा.