चार बोटं डावीकडे

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझी जाळी एका बाजूनं चेपली आहे, रंग उडाला आहे. पण मी काही पराक्रम सांगायला बसलेलो नाही. एक चूक कधीपासून पोटात ठेवली आहे, ती सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला ऐटबाज होतो. एका रेकॉर्डिस्टनं मला घेतलं. तो रोज मऊ फडक्यानं मला पुसायचा आणि "याचे कान फार तिखट," असं येईल त्याला सांगायचा. मी फुगून जायचो.

माझा एक दुर्गुण मात्र त्याला ठाऊक होता. जवळचं मी मोठं करून सांगतो. त्यामुळे साठ जणांचा गायकवृंद असला की आमच्या जागा ठरवताना तो जिवाचं रान करायचा. दोन माइक समोर उभं राहून वृंद गाववून घेणाऱ्या संचालकांच्या डोक्याच्याही वर, बाकीचे आम्ही रांगांसमोर, जरा उंचावरून झुकलेले. टाळी वाजवून ऐकायचा, शिडी सरकवायचा, पुन्हा चढायचा. कुणा एकाचा आवाज वेगळा कळला तर काम फसलं, असं त्याचं म्हणणं.

त्या साठांत, तिसऱ्या रांगेत, त्याची आई होती. तीस वर्षं गात होती. आता आवाज जरा कापायला लागला होता. चाचणीच्या दिवशी सगळे पाणी प्यायला गेले. आई तेवढी खुर्चीत चष्मा पुसत बसली होती. तो शिडीवर चढला आणि त्यानं मला चार बोटं डावीकडे, आईच्या जागेकडे वळवलं. रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज थोडा तरी जपला जावा, एवढाच त्याचा हेतू. हे चुकतंय, हे मला कळत होतं. पण खरं सांगू? मलाही तिचा आवाज आवडायचा.

चाचणी ऐकताना संचालक ओरडले, "थांबा! हा कापरा आवाज कुणाचा?"

आईनं हात वर केला. "माझाच असेल, सर. वय झालं आता."

"राग मानू नका काकू, पण उद्या नुसते ओठ हलवा."

'माइक मी वळवलाय,' एवढंच त्यानं म्हणायला हवं होतं. पण काम हातचं जाईल म्हणून तो मूग गिळून गप्प बसला. नंतर मला सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास मला ऐकू यायचा. ओळ यायची नाही. त्या रेकॉर्डिंगची सगळीकडे वाहवा झाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लवकरच नवा माइक आला, मी माळ्यावर गेलो. मी बिघडलो नव्हतो. माझ्याकडे बघणंच त्याला जड जात होतं.

परवा त्यानं मला खाली काढलं, पुसलं, जोडलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईसमोर ठेवलं.

"आई, तुझं काहीच चुकलं नव्हतं गं. मीच हा तुझ्याकडे वळवला होता."

"ठाऊक आहे रे. मी तिथंच तर बसले होते. तुझं काम जाऊ नये म्हणून हात वर केला."

तो ढसाढसा रडला. "मग आता म्हण ना."

"एकटी? वेडा की काय! ते साठ जणांत म्हणायचं गाणं आहे."

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, पाडू नका. पण कुणाला गप्प करण्याआधी माइक कुठे वळलाय तेही बघा. आणि चूक तुमची असेल तर तिथल्या तिथे बोला. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.

मी अजून त्या टेबलावरच आहे. भाजी चिरता चिरता आई मध्येच एक लांब श्वास घेते. मी कान टवकारतो. ओळ काही येत नाही.