खात्यामागची खोली

"झोप में दाँत खाते हो क्या?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा हिलालने बायकोकडे पाहिलं. आपण झोपेत काय करतो ते त्याला कसं ठाऊक असणार?

"खातस ना," मालतीबाई म्हणाली. "ज्वारी दळी राहिनात आसं वाटस."

सुरतेतल्या नवागामच्या त्या गुजराती डॉक्टरांना खानदेशी पेशंटांमुळे अहिराणी समजायची. बोलायचे मात्र हिंदीत. हिलालच्या दंडावरचा पट्टा सोडत ते म्हणाले, "बीपी बहुत है, काका. धडकन कब बढ़ती है?"

हिलालने विचार केला. "माग बंद पडना का."

लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, तो एकटा रांगभर माग सांभाळायचा. सगळे खडखडत असले की त्याला काही होत नसे. एखादा थांबला की कान आधी ताठ व्हायचे, मग छातीत धडधड, तळव्यांना घाम, आणि पाय आपले आपण तिकडे पळायचे. सुताची तार तुटली तर कापड कमी, कापड कमी तर खात्यातल्या मास्तरच्या शिव्या. ऐन जवानीपासून हेच.

"शरीर को लगता है कोई मारने आया," डॉक्टर म्हणाले. "रोज रोज आयेगा तो नस कितना झेलेगी? गोली लो. और गाँव जाओ, शांति में रहो."

शांती. मालतीबाईने तो शब्द पदराला गाठ मारून घरी आणला. लग्न होऊन सुरतेला आल्यापासून ती दर वर्षी "पुढनी आखाजीले" म्हणत आली होती, आणि आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण, गावाकडे तिच्याशिवाय होत आली होती. आता खुद्द डॉक्टरच सांगत होते. तिने भांडी पोत्यात भरली, लोखंडी खलबत्तासुद्धा. परत येणाऱ्या बाईने काही खलबत्ता नेला नसता.

गावी हिलालचा धाकटा भाऊ काशिनाथ होता. त्याने दादाच्या आरामासाठी काय काय केलं! वासरू लांब बांधलं, रेडिओ बंद केला. आखाजीचा पोरींचा झोका दारच्या लिंबावरून सोडून पार मळ्याच्या टोकाला नेला. मग त्या लिंबाखाली बाज टाकली. मागांच्या खडखडाटात हिलाल डोळे मिटून जी बाज बघायचा, तीच ती.

त्या बाजेवर तो दुपारभर उघड्या डोळ्यांनी पडून राही. बनियन घामाने चिंब. पाय मधेच झटकायचा.

"काय व्हस?" मालतीबाई विचारायची.

"काही नही. काहीतरी बंद पडेल शे आसं वाटस."

सुरतेतल्या प्लेगच्या साली सगळी गल्ली गावाकडे पळाली होती, तेव्हाही तो इथे असाच जागा होता. तेव्हा सगळ्यांना वाटलं, प्लेगची भीती.

एका दुपारी ती बाजेजवळच शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. दारातून काशिनाथ हातानेच 'नको नको' करू लागला. ती थांबली आणि सहज वळून पाहिलं. हिलाल झोपला होता. जबडा सैल, तोंड उघडं. पण बत्ता थांबताच त्याच्या पापण्या फडफडल्या, बोटं चादरीवर तार शोधू लागली. तिने घाईने पुन्हा कुटायला घेतलं. बोटं शांत झाली.

तिला कळलं. कळायला नको होतं, तरी कळलं. गावच्या घराची मागची खोली तिने कालच, आता इथेच राहायचं म्हणून, शेणाने सारवली होती.

संध्याकाळी तिला भांडी पोत्यात भरताना पाहून काशिनाथ गोंधळला. "वहिनी, दादाले आते कुठे झोप लागाले लागनी, आन् तुम्ही चालनात?"

"म्हनीसनच जातस, भाऊ."

गाडीत हिलाल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पुढनी आखाजीले चांगलं महिनाभर राहसूत."

"राहसूत," ती म्हणाली.

सुरतेची खोली खात्याच्या पाठीला पाठ लावून. भिंत थरथरते, फळीवरच्या ताटल्या किणकिणतात. रात्रपाळी करून आलेला हिलाल तिथे भर दुपारी लेकरासारखा झोपतो.

फक्त सोमवारी खात्याची वीज बंद असते. गल्ली अशी गप्प होते की कावळा ऐकू येतो. हिलालचा जबडा आवळतो, दात करकरतात. मालतीबाई घरी आणलेलं साडीचे दोरे कापायचं काम बाजूला ठेवते आणि खलबत्ता काढते.

"काय कुटी राहिनी वं मालतीबाई?" शेजारची जयश्री भिंतीपलीकडून विचारते. "दर सोमवारे?"

"चटणी. गावना शेंगदाणा शेतस."

"मंग माले बी दे ना थोडी."

"देसू," मालतीबाई म्हणते आणि त्याच लयीत कुटत राहते. खलाच्या तळाशी तिने जुन्या साडीची घडी घातलेली असते. म्हणजे लोखंड वाजत नाही, शेंगदाणे असल्यासारखं वाटतं.