विबेकेची अकरा वर्षं
सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर, हातांनी आजार बरे करतो म्हणणारा थोरकिल दोन्ही हात पसरून एका बाईभोवती फिरत होता.

"मेंदूची गाठ! डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष. ही विबेके अकरा वर्षं जगलीय! कशानं? या हातांच्या उबेनं! पण किरणं घेतलीत, गोळ्या गिळल्यात, की ऊब पळाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी माझा नवरा आयविन टोपीखालचे, मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशनचे टाके चाचपत होता. तो कुजबुजला, "गेर्डा, सोमवारी मी किरणोपचाराला जाणार नाही."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तरी खरं सांगते, तेव्हा मलाही थोरकिल खरा असावासा वाटला. डॉक्टरांनी आकडे दिले होते. हा माणूस मला नवरा देत होता.

कॉफीच्या वेळी मी विबेकेला गाठलं.

"तुम्ही किरणं घेतली होतीत?"

"घेतली की. आधी ऑपरेशन, मग किरणं, गोळ्या, सगळं."

"मग मंचावर का नाही सांगत?"

"तो म्हणतो, लोकांचा विश्वास डळमळतो." तिचा आवाज खाली गेला. "अहो, तो मला भेटलाच चौथ्या वर्षी."

तिनं आपला अहवाल माझ्या फोनवर पाठवला. "डॉक्टरांना खुशाल दाखवा."

दुसऱ्या दिवशी आयविनच्या डॉक्टर रागनहिल्डनी तिचा आणि आयविनचा अहवाल शेजारी शेजारी ठेवले. "विबेकेच्या गाठीत आयडीएच नावाचं जनुक बदललेलं आहे. अशी गाठ सावकाश वाढते. उपचारांनंतर माणसं कितीतरी वर्षं जगू शकतात. पूर्वी दोन्ही गाठींना एकच नाव होतं, म्हणून तिला दीड वर्ष सांगितलं. आयविन, तुझ्या गाठीत तो बदल नाही."

"म्हणजे मी मरणार."

"बहुतेक या गाठीनंच. कधी, ते मला ठाऊक नाही. पण गोळ्यांनी केलेली मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक तुझ्या गाठीत बंद आहे. त्यामुळे गोळ्या जास्त लागू पडण्याची शक्यता आहे. ती का घालवतोस?"

आयविन बराच वेळ रडला. सोमवारी किरणांना गेला.

पुढच्या सभेत विबेकेनं माइक हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. थोरकिल मागच्या दाराकडे निसटू लागला. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून ओरडली, "माझ्या मुलानं तुझ्या सांगण्यावरून उपचार सोडले होते रे! गेला तो!"

त्या मंचावर फक्त जगलेली माणसं दिसत. गेलेल्यांना कोण बोलावणार?

आयविन दोन वर्षं आठ महिने जगला. नातीला सायकल शिकवून गेला. चमत्कार झाला नाही. भीती आम्हाला रोज वाटायची, तुम्हालाही वाटेल. पण अहवाल मागा, तारखा विचारा, आणि जो उपचार सोडायला सांगतो, त्याच्यापासून आपलं माणूस हाताला धरून बाहेर काढा.